लादीकाकूंचा फ्रिज काय म्हणतो

बर्फाच्या कारखान्यात हौदाआड उभं राहून लादीकाकूंनी एक भांडण ऐकलं होतं. त्याला आता जन्म लोटला. तेव्हा त्या कुणाच्याच काकू नव्हत्या. यंत्रावरच्या माणसाची नवी बायको होत्या, आणि डबे उलटे करून बर्फाच्या लाद्या सुट्या करायच्या कामावर नुकत्याच लागल्या होत्या. हौदाच्या अलीकडे त्या, पलीकडे त्यांचा नवरा, आणि नवऱ्यासमोर कंबरेवर हात ठेवून कारखान्याचे मालक.

"आवाज बदललाय. मी यंत्र थांबवतोय," नवरा म्हणत होता.

"यंत्र आहे बाबा ते, झोपलेलं पोर नव्हे. आवाज करणारच."

"आवाज करणं वेगळं आणि ओरडणं वेगळं."

"तुला बरं कळतं! तुझ्या कानात येऊन सांगतं वाटतं?"

"हो, सांगतं."

"मग त्यालाही माझा निरोप सांग. लाद्या अर्ध्या जमल्यात, नि बाजारात मासेवाले वाट बघत बसलेत. थांबवलंस तर त्यांच्या शिव्या खायला तुलाच पुढं उभा करीन."

नवऱ्यानं थांबवलं. यंत्र खोललं, नळ्या पुसल्या, चाव्या आवळल्या. आत काही म्हणजे काही निघालं नाही. लाद्या पातळ झाल्या, मासेवाल्यांनी शिव्या घातल्या, आणि मालकांनी त्या दिवसापासून नवऱ्याचं नाव ठेवलं 'कानाचे डॉक्टर'. हौदावरच्या बायकाही तोंडाला पदर लावून हसल्या. काकू हसल्या नाहीत, पण रडायचं की रागवायचं हेही त्यांना ठरवता आलं नाही.

बरं, एवढ्यावर संपतं तर एक धडा झाला असता. पण पुढं एका उन्हाळ्यात यंत्र अगदी सुरात चाललेलं असताना, मालक खुश, कानाचे डॉक्टर खुश, सगळे खुश असताना एक नळी फुटली. आधी नुसतं 'सुस्सऽऽ' झालं. मग अमोनियाचा वास. तो वास ज्यानं घेतला त्याला सांगावा लागत नाही. डोळ्यांत कुणी कांदे पिळावेत आणि नाकात सुया घालाव्यात तसा. सगळे ओली फडकी तोंडाला लावून बाहेर पळाले, नि काकूंचा नवरा चावी बंद करायला आत गेला. तो बाहेर आला, पण श्वास आतच ठेवून आला म्हणायचा. पुढची वर्षं खोकण्यात गेली, आणि मग तोही गेला.

तेव्हापासून काकूंच्या डोक्यात एक गाठ बसली ती बसलीच. यंत्र ओरडलं तेव्हा काही झालं नव्हतं. यंत्र गप्प होतं तेव्हा घर बसलं. मग ऐकावं तरी कशाला आणि न ऐकावं तरी कशाला?

कारखाना बंद पडेपर्यंत त्यांनी लाद्या सुट्या केल्या. एकुलत्या लेकीला, जिला लहानपणच्या अखंड बडबडीमुळं सगळे चिमणी म्हणत, तिला वाढवलं, सूतगिरणीत कामाला लावलं, लग्न करून दिलं. जावई लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा. आज इथं, उद्या तिथं. नातू शिकायला परगावी. चिमणी शहराच्या नव्या भागात राहायला गेली आणि काकू आपल्या दोन खोल्यांत राहिल्या. गल्लीनं त्यांना लादीकाकू करून टाकलं. आणि गंमत बघा, जन्मभर बर्फात हात घालून ज्या बाईची बोटं वाकडी झाली, तिच्या घरात फ्रिज नव्हता. "बर्फानं माझं काय भलं केलंय, की त्याला घरात घेऊन बसू?" असं त्या म्हणायच्या.

चिमणीनं न विचारताच आणला. दोन दारांचा, दुधासारखा पांढरा, काकूंपेक्षा उंच. चार माणसांनी उचलून स्वयंपाकघरात भिंतीला टेकवला, नि काकूंना वाटलं, घरात कुणीतरी मोठ्या घरचा पाहुणा येऊन उभा राहिलाय. आता याच्यासमोर जुनं लुगडं-पातळ नेसून वावरायचं कसं?

पाहुणा पहिल्याच दिवसापासून बोलायला लागला.

सकाळी तो घुंऽऽ करायचा. ते ठीक. यंत्र म्हणजे घुं हे काकूंना मान्य होतं. पण मध्येच 'टक्' व्हायचं नि घुं बंद. मग कुणाचं तरी पोट बिघडावं तशी आत गुडगुड. मग काही वेळ काहीच नाही. मग अचानक, आतून कुणी बोट मोडावं तसं 'कडाक्!' काकूंच्या हातातली वाटी सांडायची. आणि दुपारी, गल्ली जेवून पेंगत असताना, मागच्या बाजूनं बारीक, लांबलचक, 'सुस्सऽऽ.'

दुसरी कुणी बाई असती तर म्हणाली असती, नवीन आहे, सुस् करत असेल. पण काकूंना यंत्रांची भाषा येत होती, तीच तर पंचाईत. कारखान्यात 'कडाक्' म्हणजे लादी तडकली. 'गुडगुड' म्हणजे हौदातलं मिठाचं पाणी डब्यात शिरलं, गेली ती लादी. 'टक्' होऊन यंत्र बंद पडलं तर धावपळ. आणि 'सुस्स' म्हणजे...

पहिल्यांदा सुस्स झालं तेव्हा काकू ताटावरून उठल्या. विचार करायला थांबल्याच नाहीत. गॅसची शेगडी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या, फ्रिजचं बटण बंद केलं, पंचा माठात बुचकळून तोंडाला बांधला आणि तशाच शेजारी शिंपिणीच्या दारात.

"ऊठ! बाहेर चल!"

शिंपीण मशीनवर पडदा शिवत होती. तोंडाला ओला पंचा बांधलेली म्हातारी दारात बघून तिनं पाय चालवायचं थांबवलं नाही, त्यामुळं पडदा स्वतःलाच शिवला गेला.

"काय झालं हो काकू? चोर?"

"गॅस फुटलाय. वास यायच्या आत चल."

दोघी रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. शिंपिणीच्या खांद्यावर पडदा, काकूंच्या तोंडावर पंचा. बराच वेळ गेला. वास येईना. डोळ्यांना पाणी येईना. शिंपीण नाक वर करून हवा हुंगत होती.

"काकू, कुणाकडं तरी कांदा परततायत, तेवढाच येतोय."

"थांब, येईल."

"आला नाही तर?"

यायला हवा म्हणावं तर संकट, नको म्हणावं तर फजिती. शेवटी शिंपीणच धीट होऊन आत गेली, फ्रिजला कान लावून उभी राहिली, आणि म्हणाली, "हा तर मेल्यासारखा गप्प आहे."

"मीच बंद केलाय त्याला."

"मग चालू करा की. बोलू दे माझ्यासमोर."

चालू केला. घुं झालं. बाकी काही नाही. शिंपीण चहा होईपर्यंत थांबली, चहा पिऊन झाला तरी थांबली. पाहुणा नव्या नवरीसारखा मान खाली घालून उभा. शिंपीण घरी गेली, तिच्या मशीनची खटखट सुरू झाली, आणि फ्रिज म्हणाला, 'टक्. गुडगुडगुड. सुस्सऽऽ.'

"मेल्या!" काकू म्हणाल्या. "माणसं बघून बोलतोस काय?"

त्या दिवसापासून काकूंनी आपली एक पद्धत बसवली. सुस्स झालं की बटण बंद. धोका टळला असं वाटलं की चालू. धोका टळला हे कसं कळायचं? ते कळायचं नाही, म्हणून बटण बंदच जास्त राहायचं. चालू केलं की तो पुन्हा कण्हायचा, कण्हला की पुन्हा बंद. आजारी माणसाला झोप लागावी म्हणून दर घटकेला उठवून 'झोप लागली का' विचारावं, त्यातली गत.

एक काम मात्र त्या फ्रिजकडून नेमानं करून घ्यायच्या. गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या पेट्या नि बादल्या ठोकणारे ठोकेभाऊ बसत. जन्मभर हातोडा चालवून त्यांचं कोपर संध्याकाळी नारळाएवढं सुजायचं. काकू रोज दिवेलागणीला डब्यात बर्फ घालून, फडक्यात गुंडाळून त्यांना नेऊन द्यायच्या. ठोकेभाऊंना ठोकून ठोकून ऐकूही कमी यायचं. त्यामुळं ते जगाशी ओरडून बोलायचे, समोरच्याच्या ओठांकडं टक लावून बघायचे, नि कळलं नाही की 'हं हं' करून मान हलवायचे. काकूंना त्यांच्याशी बोलायची सवय झाली होती. समोर उभं राहायचं, तोंड बाजूला वळवायचं नाही, आणि एकच गोष्ट दोनदा सांगायची.

"आज बर्फ पातळ आहे हो लादीबाई!" ते ओरडले.

"फ्रिज बंद होता."

"हं हं, थंडीच आहे यंदा!"

तर अशात एका सुट्टीला चिमणी आली. आल्या आल्या तिनं फ्रिज उघडला, आणि आतून जो वास आला त्यानं कारखान्याची आठवण यावी. दूध फाटलेलं, दही हिरवं, भाजीला पाणी सुटलेलं, आणि दिवा बंद.

"आई! बंद फ्रिजमध्ये दूध ठेवतेस?" चिमणीचा आवाज आधीच मोठा, गिरणीतल्या बाया सगळ्या तशाच बोलतात. आज तर तो शिंपिणीच्या घरापर्यंत गेला, कारण तिकडची खटखट थांबली.

"अगं, तो सुस्स करतो."

"काय करतो?"

"सुस्स करतो. आणि गुडगुडतो. आणि बोटं मोडतो."

"फ्रिज बोटं मोडतो?"

"टक् पण करतो."

चिमणी खाली बसली. फ्रिज चालू करून दोघी त्याच्यासमोर बसल्या, सिनेमा सुरू व्हायची वाट बघितल्यासारख्या. आणि आज पाहुण्यानं लाज सोडली. घुं थांबलं, टक् झालं, गुडगुड झाली, मग छान लांब सुस्स आलं. काकूंनी मांडीवर थाप मारली. "हे बघ! आता?"

"काय आता?"

"आत्ता केलं की त्यानं!"

"कुणी? काही नाही केलं. मी इथंच बसलेय ना, आई." चिमणीनं आईकडं असं बघितलं की काकूंना एकदम गार वाटलं. तसं बघणं त्यांना माहीत होतं. हौदावरच्या बायका त्यांच्या नवऱ्याकडं तसंच बघायच्या.

त्या गोंधळून गेल्या. सुस्स झालं होतं. नव्हतं झालं? शिंपिणीला आलं नाही, लेकीला आलं नाही. मग आपल्याच डोक्यात काही गळतंय की काय? म्हाताऱ्या माणसांच्या कानात शिट्ट्या वाजतात म्हणे. पण कानातली शिट्टी फ्रिजचं बटण बंद केल्यावर कशी थांबेल?

चिमणी भांडी घासता घासता पाठमोरीच म्हणाली, "आता पुरे. तू माझ्याकडं चल. या घराला कुलूप लावू."

"मी नाही येणार. माझं घर आहे हे."

चिमणी भांडी घासतच राहिली. काकूंनी पुन्हा सांगितलं, समोर जाऊन. तेव्हा ती म्हणाली, "हे बघ. दुरुस्तीवाल्याला बोलावते. त्याला तुझं ते सुस्स-फिस्स ऐकू आलं, तर मी परत तुला न्यायचं नाव काढणार नाही. राहा इथं खुशाल. आणि नाही आलं, तर तू सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," काकू म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या प्रार्थना करत होत्या की यंत्र बिघडलेलं निघू दे.

दुरुस्तीवाला पुढच्या सुट्टीला आला. पोट सुटलेला, दोरीनं गळ्यात चष्मा अडकवलेला, बोलका माणूस. चिमणीही आली होती. शिंपीण साखर मागायच्या निमित्तानं येऊन दाराला टेकून उभी राहिली, वाटी रिकामीच हातात.

त्यानं आधी फ्रिजच्या अंगावर हात ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. मग डोकं मागं घालून बघितलं. मग फ्रिजला दोन्ही हातांनी हलवलं; तो डुलला.

"एक पाय आखूड आहे. आणि भिंतीला चिकटवलाय. वर हे काय ठेवलंय, चमच्यांचं ताट? मग खणखणेल नाही तर काय करेल?" त्यानं ताट उतरवलं, वाकून पाय पिळून उंच केला, नि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला. "हं. आता बोला आजी, काय त्रास देतो?"

काकूंनी सगळं सांगितलं. टक्, गुडगुड, कडाक्, सुस्स, आणि कारखान्यातली ती फुटलेली नळीही. सांगताना त्या चिमणीकडं बघत नव्हत्या.

माणूस हसला. "अहो, मग तो धडधाकट आहे की! ऐका. टक् होतं ना, ते आतलं बटण. पुरेसं गार झालं की स्वतःच बंद, गरम व्हायला लागलं की स्वतःच चालू. तुम्ही मध्ये हात घालायचाच नाही. गुडगुड आणि सुस्स म्हणजे नळ्यांतून गॅस पळतोय."

"फुटून?"

"छे! फुटला तर आवाजच राहणार नाही फार वेळ, नि गारही होणार नाही. पळतोय म्हणूनच गार होतंय. आणि तो तुमच्या कारखान्यातला जहाल गॅस नव्हे. हा वेगळा, तो पण मूठभर. कडाक् होतं ते आतलं प्लॅस्टिक. गारठलं की आकसतं, ऊब लागली की पसरतं. तुमची-माझी हाडं वाजतात तसं. कधी मागं टपटप ऐकू येईल, ते आतलं दव वितळून खालच्या ताटलीत पडतं. आपोआप वाळतं."

"मग बिघाड कधी समजायचा?"

"टक्-टक्-टक् लागोपाठ होतंय पण घुं सुरूच होत नाही, तेव्हा. धडाधड आपटल्यासारखं वाजलं, तेव्हा. जळका वास आला तर बटण बंद करून मला बोलवा. नाहीतर आवाजाला विचारूच नका, दुधाला विचारा. दूध चांगलं तर फ्रिज चांगला."

काकूंच्या मनात गलका उडाला. म्हणजे आवाज होते. खरेच होते. पण ते वाईट नव्हते. मग त्यांचा नवरा त्या दिवशी चुकला होता? की मालक? की बर्फाच्या कारखान्याचं शास्त्र घरच्या फ्रिजला लावायचंच नसतं? त्या हे उलगडत होत्या तोवर माणसानं बोट वर केलं.

"आता थांबेल बघा. थांबला की सगळं वाजवून दाखवेल."

शिंपिणीनं श्वास रोखला.

'टक्.'

"ऐकलंत?"

"हो बाई!" शिंपीण म्हणाली. "अगदी काकू म्हणत होत्या तसंच!"

"हं, हं," चिमणी म्हणाली आणि मान हलवली. पण ती फ्रिजकडं बघत नव्हती. ती दुरुस्तीवाल्याच्या ओठांकडं बघत होती. टक लावून.

काकूंच्या हातातला पदर हातातच राहिला.

"आता गुडगुड... आणि हे, हे बघा सुरू झालं. सुस्सऽऽ. आलं?"

"आलं, आलं!" शिंपीण म्हणाली.

चिमणीनं कपाळाला आठी घातली. मान तिरकी केली. "कुठं? मला नाही येत काही."

"अहो ताई, एवढं मोठं! गल्लीत ऐकू जाईल..." माणूस बोलता बोलता थांबला. त्यानं चिमणीकडं बघितलं, मग काकूंकडं. शिंपिणीनंही तोंड उघडलं.

त्या वेळी काकूंना बऱ्याच गोष्टी एकदम आठवल्या, आणि एकही धड हाती लागेना. दाराची कडी वाजवून वाजवून लेकीच्या घरासमोर उभं राहावं लागलं होतं, ते. फोनवर ती आपलंच बोलून ठेवून देते, ते. 'किती गं ओरडतेस' म्हटल्यावर तिचा पडलेला चेहरा. आपण म्हणत होतो, पोर तापट झाली. आपण जिंकलो होतो. अट तीच होती, माणसाला आवाज ऐकू आला होता, शिंपीण साक्षीला होती. घर आपलं राहिलं होतं. फक्त तोंड उघडून 'बघ' म्हणायचं होतं.

"मलाही नाही आला," काकू म्हणाल्या.

शिंपीण म्हणाली, "अहो काकू, तुम्हीच तर..."

"तू साखर ने गं. डबा खिडकीत आहे." त्यांनी शिंपिणीकडं असं बघितलं की ती साखर न घेताच गेली. मग दुरुस्तीवाल्याला त्या म्हणाल्या, "आम्हा मायलेकींना नाही आला. तुम्ही म्हणता तर आला असेल. दूध चांगलं म्हणजे फ्रिज चांगला, एवढं लक्षात ठेवते. चहा घ्या."

माणूस समंजस होता. त्यानं चहा घेतला, हवापाण्याचं बोलला नि गेला.

"बघ," चिमणी म्हणाली. "इतके दिवस सुस्स सुस्स, नि आता म्हणतेस नाही आला. झालं ना मग? बांध सामान." पण जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. ती वळून कपबशा विसळायला लागली.

काकू तिच्या पाठीमागं उभ्या राहिल्या. हलकेच म्हणाल्या, "चिमणे."

पाणी वाहत राहिलं.

"चिमणे, दूध उतू चाललंय." दूध शेगडीवर नव्हतंच.

लेकीनं कप पुसला, फळीवर ठेवला, आणि वळली तर आई तिच्या तोंडासमोर.

"अगं बाई! घाबरवलंस की."

"कधीपासून?" काकूंनी विचारलं. तोंड सरळ ठेवून, ठोकेभाऊंशी बोलायच्या तसं.

"काय कधीपासून?"

चिमणीनं आधी हात पुसले. मग पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"गिरणीत सगळ्यांनाच जरा कमी येतं," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच लहान होता. "मला वाटलं, जाईल. कुकर जळला एकदा. शिट्ट्या झाल्या असतील, मला आल्याच नाहीत. कुणी दार वाजवून परत जातं. हे घरी नसतात. पोराला फोनवर म्हणते हं हं, ते काय म्हणाला ते नंतर आठवून जुळवत बसते. तुझं ते सुस्स मला खरंच नाही आलं, आई. मला वाटलं, तूच... म्हणजे मला वाटलं तुझं काहीतरी..."

"माझं डोकं फिरलं."

"हो."

"आणि मला वाटलं तू तापट झालीस."

चिमणी हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. काकूंना खरं तर राग यायला हवा होता. मला सांभाळायला नेते म्हणून आठवडाभर बोंब मारली, नि हिलाच सांभाळायला कुणीतरी हवंय! पण राग शोधायला गेल्या तर तो सापडेना. तिथं नुसता गोंधळ होता. फ्रिजच्या मागच्या जाळीसारखा, धूळ बसलेला आणि थोडा ऊबदार.

"गिरणीच्या दवाखान्यात दाखवू," त्या म्हणाल्या. "कानातलं यंत्र मिळतं म्हणे."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगू, म्हातारीचं आता एकटीनं भागत नाही, म्हणून लेकीनं नेली. तेवढं खोटं चालतं."

"आणि तू खरंच येशील?"

"कबूल केलं होतं ना? माणसाला आवाज आला नाही तर यायचं. मला नाही आला." चिमणीला यातलं किती ऐकू गेलं आणि किती तिनं ओठांवरून उचललं, हे काकूंना कळलं नाही. तिनं मान हलवली एवढं खरं.

फ्रिज शिंपिणीकडं द्यायचं ठरलं. चिमणीच्या घरी तिचा होताच, आणि हा इतका जड पाहुणा किती वेळा उचलायचा? चार माणसांनी तो भिंतीपलीकडं नेला. शिंपीण आधी हरखली, मग फ्रिजनं पहिलं 'कडाक्' केलं तशी मागं सरली.

"काकू! हे तर फुटतंय!"

"फुटत नाही गं. हाडं मोडतोय. पाय सरळ आहेत का बघ त्याचे. भिंतीला चिकटवू नको. डोक्यावर ताट ठेवू नको."

"आणि ते सुस्स?"

"सुस्स म्हणजे पळतोय. पळू दे. टक् म्हणजे दमला, बसला. बटणाला हात लावलास तर बघ."

"तुम्हाला एवढं सगळं कधी कळलं?"

"कळलंय कुठं," काकू म्हणाल्या. "त्या माणसानं सांगितलं तेवढं सांगते. मला अजून वाटतं, एखादं सुस्स खोटं बोलत असेल. पण दुधाला विचार."

त्यांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. बोचकी दाराशी रचली गेली. चिमणी रिक्षा आणायला चौकाकडं गेली, आणि जाताना दोनदा वळून, आई, कडी नीट लाव, म्हणून ओरडली. दिवेलागण होत आली होती. काकू शिंपिणीच्या घरात शिरल्या, वरचं दार उघडलं आणि बर्फाचा साचा काढला. वाकड्या बोटांनी तो पिळला. खडे सुटले, टणटण डब्यात पडले. साचा पुन्हा पाण्यानं भरून त्यांनी आत सरकवला. डबा फडक्यात गुंडाळला आणि गल्लीच्या टोकाला गेल्या.

ठोकेभाऊ बादलीच्या बुडाला काठ मारत होते. त्यांनी हातोडा ठेवला, बाही वर केली.

"आज बर्फ बरा आहे!" ते ओरडले.

"आज फ्रिज चालू होता. उद्यापासून शिंपीण आणेल." काकू समोर उभं राहून म्हणाल्या. मग तेच पुन्हा एकदा म्हणाल्या.

ठोकेभाऊंनी त्यांच्या ओठांकडं बघितलं, कोपरावर फडकं दाबून धरलं, आणि कालचा रिकामा डबा पुढं केला. काकूंनी तो पदरानं पुसला, झाकण लागतंय का बघितलं, आणि शिंपिणीकडं परत द्यायला निघाल्या.